घरात माणसं दोन

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांत आहे, गाळणी सापडेना म्हणून चहा फडक्यातून गाळला, कंबर धरलीय, आणि तरी मी खूश आहे. कारण गॅरेज. दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज, आणि आमच्याकडे गाडी एकही नाही. पंधरा वर्षं लोकांच्या सोफ्यांना कापड चढवलं ते जुन्या घराच्या व्हरांड्यात, शेजारणीची बोलणी खात. मी हातोडी उचलली की तिचं डोकं दुखायला लागायचं. आता हवं तितकं ठोकेन. मापांच्या या वहीची मागची पानं मी रोजनिशीला घेतली आहेत, वही गॅरेजातच राहील.

स्वयंपाकघरातून एक दार थेट गॅरेजात उघडतं, त्यामुळे काम करता करता नानांकडे कान ठेवता येईल. नाना म्हणजे माझे सासरे, वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी लाँचवर माणसं मोजली. फळीपाशी उभं राहायचं, चढणारे मोजायचे, उतरणारे मोजायचे, आणि आकडा जुळल्याशिवाय लाँच सोडू द्यायची नाही. आता जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, सासूबाई गेल्या हेही कधीकधी आठवत नाही, पण मोजणं गेलेलं नाही. आज म्हणाले, सामानाबरोबर चार माणसं आली आणि तीनच उतरली. मी म्हटलं झालं सुरू. बघते तर चौथा ट्रकमध्ये घोरत पडलेला.

या गॅरेजच्या दाराला स्वयंपाकघराच्या बाजूने तीन कड्या आहेत. एक वर, एक मध्ये, एक पार खाली, आणि तिन्ही लावून वरून रंग फासलेला. दलाल हसला, म्हणाला जुना मालक जरा भित्रा होता. स्वतःच्या गाडीला कोण घाबरतं?  कड्या रंगातून फोडून काढाव्या लागल्या, नखं गेली माझी.

६ मार्च, गुरुवार

वन्संचा फोन. माझ्या नणंदेला मी तोंडावर वन्सं म्हणते, मनात काय म्हणते ते इथे लिहीत नाही. नव्या घराबद्दल चकार शब्द नाही, पहिलाच प्रश्न दारं किती आहेत हा.

त्यांचंही अगदी चूक नाही. नोव्हेंबरात नाना घरातल्या सपाता घालून निघून गेले होते. चार तासांनी सापडले ते बसथांब्यावर, चढणारी माणसं मोजताना. तेव्हापासून वन्संनी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सही बाकी आहे. पुन्हा एकदा गेले तर सही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. त्या आश्रमाच्या फाटकाला कुलूप असतं आणि संध्याकाळी सहाला दिवे बंद होतात. मी जाऊन बघून आलेय. नवरा जहाजावर आहे, मे अखेरीपर्यंत यायचा नाही. निघताना मी त्याला शब्द दिलाय की नाना माझ्यापाशीच राहतील. सासरी मला पहिल्यांदा माणसात धरलं ते या माणसाने, मी त्यांना कुलपात टाकणार नाही.

वन्सं २४ तारखेला व्यवस्था बघायला येणार आहेत. गॅरेजचं बाहेरचं शटर तर एका हाताने वर जातं, कुणीही आत यावं, कुणीही बाहेर जावं. काहीतरी बसवायला हवंच.

९ मार्च, रविवार

दोन दिवस दुकानं पालथी घातली. या लोकांना साधं कुलूप विकायची लाज वाटते. सगळं स्मार्ट. माझ्याच गळ्यात पडलंय म्हणून नीट समजून घेतलं.

बोटाच्या ठशाचं कुलूप पहिल्यांदा आवडलं, पण डिंक आणि सुतळीने माझी बोटं घासून गुळगुळीत झालीत. दुकानदाराने सहा वेळा दाबून बघायला लावलं, मशीन सहा वेळा म्हणालं कोण तुम्ही. फोनने उघडणारं नको, फोन कायम कापडाच्या ढिगात हरवलेला असतो. शटरला मोटर हवी, खाली कुणी असेल तर थांबणारा सेन्सर हवा, वीज गेली तरी चालणारी बॅटरी हवी आणि एक कॅमेरा. एवढ्यावर आमचं एकमत झालं.

मग त्याने मोजणारं दाखवलं. आतल्या आणि पुढच्या अशा दोन्ही दारांच्या चौकटींना एकेक बारीक सेन्सर, आणि गॅरेजातल्या भिंतीवर पाटी. घरात किती माणसं आहेत ते पाटीवर सतत दिसतं. पुढचं दार कुणी उघडलं तर गॅरेजात घंटा. म्हणजे नाना बाहेर पडले की मी हातातलं टाकून धावू शकते, आणि त्यांना कोंडावंही लागत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. नानांसारखंच मशीन मिळालं की मला.

१२ मार्च, बुधवार

फिटर आला. शांत माणूस, चहाला नाही म्हणाला नाही. तिन्ही कड्या काढल्या. बोटभर लांब स्क्रू निघाले, तोही चकित झाला. म्हणाला, घरमालक एवढे स्क्रू बाहेरच्या दाराला लावतात.

दाराला चार आकडी कोड, तो पाटीवरच दाबायचा. गॅरेजातून घरात यायला कोड, घरातून गॅरेजात जायला नुसतं हिरवं बटण. दारांची नोंद, आकडा, कोड हे सगळं फोनवरच्या ॲपमधून बघता-बदलता येतं, आणि ॲपवर मी, वन्सं (त्यांचा हट्ट) आणि दुरुस्तीपुरता फिटर. शिवाय एक जादा सोय आहे, कोंडणी. गॅरेजात परका माणूस आहे असं मशीनने ठरवलं की शटर आणि आतलं दार दोन्ही बंद, चोर मधल्या मध्ये अडकतो. हिरवं बटणही मरतं, म्हणजे आतल्या माणसाला कुणी धमकावून दार उघडायला लावू शकत नाही. आणि शटर एकदा असं अडकलं की ॲपवरूनच सुटतं. फिटर म्हणाला, बहुतेक लोक ही सोय बंदच ठेवतात. मी म्हटलं बहुतेक लोकांना नणंद नसते. चालू करायला लावली.

भाषा मराठी निवडली. पाटीतली बाई फार पुस्तकी बोलते. मी आत पाय टाकला की म्हणते, आपले स्वागत आहे. नाना तिला दर वेळी नमस्कार करतात.

१४ मार्च, शुक्रवार

छान चाललंय. एक मोठा तीन माणसांचा सोफा आलाय, पार हाडं मोडलेला. काल नव्या स्प्रिंगा बांधल्या, वर फोम टाकला.

एकच खोट. मी गॅरेजात, नाना आत, तर पाटीवर एक दिसायला हवं. दोन दिसतं. जेवायला आत गेले तर तीन. फिटरला फोन केला. तो म्हणाला, हातात मोठी गादी घेऊन दारातून गेला असाल, तिलाच माणूस समजलं असेल. गेले होते खरी. आकडा हाताने दोनवर आणला.

सोफ्याच्या डाव्या बैठकीला खळगा पडलाय. माझ्या आधी कुणीतरी बसून घेतलं. नाना असणार, पण नाना काडी झालेत. हा खळगा रुंद आहे.

१६ मार्च, रविवार

सकाळी सकाळी वन्संचा मेसेज. घरात तीन माणसं दिसतायत, पाहुणे कोण, म्हणून. बघितलंत? बसल्या जागी पहारा चालू आहे. मी म्हटलं मशीन चुकतंय. त्या म्हणाल्या, बरं.

त्या ‘बरं’ने माझं डोकं उठलं. मशीन बरोबर माझ्यामागेच का लागलंय? ॲप त्यांच्याकडे आहे. आकडा मला हाताने बदलता येतो तर त्यांनाही येतो. घरात भलतेच लोक येतात, नाना सुरक्षित नाहीत, असं दाखवलं की सही करायला मोकळ्या.

नानांना सहज विचारलं, घरात किती माणसं. चहा फुंकत म्हणाले, तीन. तिसरा कोण विचारलं तर म्हणाले, गॅरेजकडून चढतो, दुपारी समोर बसतो, बोलत काहीच नाही. बहुतेक सासूबाईंना धरून मोजतायत. मी विषय बदलला.

१७ मार्च, सोमवार

आज एका गिऱ्हाइकाकडे खुर्च्या पोचवायला गेले होते, तासभर. नाना पेपर वाचत होते. परत येऊन ॲपवर दारांची नोंद बघितली. अकरा चाळीसला आतलं दार गॅरेजातून उघडलं. कोड बरोबर.

मी नव्हते. नानांना कोड येत नाही. राहिले फिटर आणि वन्सं. फिटरला फोन करून फैलावर घेतलं. तो म्हणाला, बाई, मी आज दिवसभर दुसऱ्या गावात शिडीवर आहे. आवाज दुखावलेला वाटला, पण दुखावल्याचा आवाज कुणालाही काढता येतो. वन्संनी कुणाला पाठवलं असेल का? शटर तर त्या वेळी उघडल्याची नोंद नाही. म्हणजे ॲपवरून नोंद पुसली असणार. मला दूधखुळी समजतात.

१८ मार्च, मंगळवार

कोड बदलला. कुणालाही सांगितला नाही, इथेही लिहीत नाही. वन्संना ॲपवरून काढून टाकलं. फिटरलाही. आता दार फक्त माझ्या फोनचं ऐकतं. वन्संचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. बरेच दिवसांनी पोटभर जेवले.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा. आज अकरा पंचवीस. नवा कोड. बरोबर.

मी औषधं आणायला गेले होते. चूक एकदाही नाही, पहिल्याच फटक्यात बरोबर. कॅमेऱ्यातलं चित्र चार वेळा बघितलं. गॅरेज रिकामं. सोफा. दार आपोआप उघडतं, एक माणूस सावकाश आत जाईल एवढा वेळ उघडं राहतं, मिटतं.

नानांवर ओरडले. कोड कुठून कळला, दाबून दाखवा म्हटलं. त्यांनी पाटीसमोर उभं राहून चार वेळा चुकीचे आकडे दाबले, मग म्हणाले, मला शिक्षा करू नकोस, मी शिकतो. मला माझीच शरम वाटली. दाराआड जाऊन रडले.

२१ मार्च, शुक्रवार

फिटरला पुन्हा फोन, या वेळी गोड बोलून. त्याचं म्हणणं, सेन्सर गोंधळलाय. घरात दोनच माणसं असतील तर कमाल आकडा दोन टाका, मशीन आपोआप ताळ्यावर येईल. दोन भरले की तिसऱ्याला कोड बरोबर असला तरी दार उघडणार नाही. जो बाहेर राहील तो परका. येऊन बघू का म्हणाला. नको म्हटलं. ॲपची किल्ली पुन्हा हवी असेल त्याला.

नाना आणि मी स्वयंपाकघरात असतानाच आकडा टाकला. दोन. बास.

नाना म्हणाले, तिसरा आत्ताच खाली उतरलाय, त्याला सोडून फळी उचलायची नाही.

२२ मार्च, शनिवार

दिवसभर आकडे बरोबर. मी गॅरेजात, एक. मी आत, दोन. वन्संना दाखवायला अगदी तयार.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बदललेला कोड मी कुणालाच सांगितला नव्हता. तो फक्त मी दाबते. पाटीसमोर उभी राहून, दिवसातून दहा वेळा, गॅरेजात. तो बघायचा असेल तर एकाच ठिकाणाहून दिसेल. माझ्या खांद्यामागून.

२३ मार्च, रविवार

सोफा झाकून ठेवला होता. चादर खाली, घडी घातलेली. मी अशी घडी घालत नाही.

खळगा ताजा. फोम माझ्या डोळ्यांदेखत वर येत होता. आत्ताच कुणीतरी उठलेलं.

कॅमेऱ्यात मी एकटी आहे. वही हातात धरून मान वळवते, डावीकडे, उजवीकडे. वेडी दिसते.

त्या कड्या घराकडून होत्या. गॅरेजकडून दार उघडू न देणाऱ्या. आत काही येऊ नये म्हणून. मी त्या भंगारात दिल्या.

उद्या वन्सं गेल्या की फिटरला बोलावून नव्या कड्या लावून घेणार. फक्त उद्याचा दिवस. त्यांना काही कळलं तर नाना गेले.

२४ मार्च, सोमवार

सकाळ. नानांची दाढी करून दिली, पांढरा सदरा घातलाय. वन्सं पाचला येणार. सोफ्याच्या शेवटच्या दोन कडा राहिल्यात, तेवढ्या दुपारी उरकते. उजेड आहे, शटर उघडं ठेवीन.

पावणेतीन. स्टेपल गन चालू होती, मी कडेला वाकलेली. शटर धाडकन खाली आलं. वर बघितलं तर पाटीवर एकाचे दोन झालेले.

नाना आत. मी इथे. माझ्या पाठीमागून कुणीतरी आत गेलं —

कोड टाकला. ती बाई म्हणाली, घर भरलेले आहे, परक्या व्यक्तीने बाहेर थांबावे. परकी मी. शटरचं बटण मेलंय. फोन आत, ओट्यावर, चार्जिंगला. वन्सं आणि फिटर — मीच काढून टाकलं दोघांना.

तीन. दार बडवलं. नाना आले. हिरवं बटण दाबा म्हटलं. दाबलं, म्हणाले लाल लागतं. ओट्यावरचा फोन आणा म्हटलं. गेले. आले ते चष्म्याचं घर घेऊन. पुन्हा पाठवलं. परत आले आणि विचारलं, कोण आहे.

सूनबाई म्हटलं. बरं म्हणाले.

तीन दहा. विचारलं, नाना, आत किती. दोन म्हणाले. समोर बसलाय. त्याच्याकडे बघू नका म्हटलं. म्हणाले, मी कुठे बघतो, तोच माझ्याकडे बघतो. आज खुर्ची जवळ घेतलीय त्याने.

शटरला पहार घालून बघितली. वाकली. पहार.

तीन पंचवीस. नाना सारखं खोकतायत. आता खोकला थांबला. हाक मारली. दार बडवलं. हाक मारली —

आहेत. आहेत. दाराशी आले. आवाज वेगळा, कामावरचा, खणखणीत. म्हणाले, लाँच भरलीय, एक उतरल्याशिवाय एक चढणार नाही, हा नियम आहे. मग हळू म्हणाले, तू किती वेळ उभी राहणार, पोरी. मी उतरतो. तू ये.

नको म्हटलं. ओरडले. नाना, बसा, पाचला वन्सं येतायत, दाराशीच बसा, माझ्याशी बोलत —

पावलं. लांब जाणारी.

पुढच्या दाराची घंटा.

पाटीवर १.

कुलूप उघडलं. मी हात लावला नाही. बाई म्हणते, आपले स्वागत आहे.

नाना रस्त्यावर आहेत. शटर हलत नाही. त्यांच्यापर्यंत जायची वाट एकच, स्वयंपाकघरातून. दार बोटभर उघडं आहे. खुर्ची सरकली. आत कुणीतरी वाट बघतंय, घाई नाही त्याला.

जाते. थांबले तर नाना लांब जातील. वही इथेच ठेवते. वन्सं, तुम्ही वाचाल. ते भरकटले नाहीत. विसरूनही गेले नाहीत. त्यांना शोधा आणि सांगा की मी चढले. त्यांनी मला जागा —